दिसतं त्याच्या पुढचं इंधन

९ जानेवारी, ब्लूमफेल्ड

प्रिय मार्लिस,

मंगळवारी सकाळी मी तळघरात उतरलो तो बटाटे आणायला. वादळानं सगळे रस्ते बंद केले होते. दुधाचा टँकर अंगणात उभा होता, इंजिन गोठू नये म्हणून त्याला विजेची तार लावलेली होती, आणि गोठेवाल्यांचे फोन येत होते की टाक्या भरत आल्यात, तू निघतोस कधी. मी प्रत्येकाला सांगत होतो, रस्ता दिसायला लागला की निघतो. खिडकीतून अंगणातला टँकरही दिसत नव्हता. मी या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत राहिलो. शेवटी तुझ्या आईनं माझ्या हातात टोपली दिली आणि म्हणाली, "जा, बटाटे निवड. सडके वेगळे काढ. निदान जमीन तरी झिजायची थांबेल."

बटाट्यांच्या खोक्याला लागूनच तुझं टेबल आहे. संगणकावर आईनं जुनी चादर टाकली होती. मी ती काढली. मग म्हटलं, इतक्या थंडीत हा चालू होतो का ते तरी बघावं. झाला. बटाटे वर पोचले ते दुपारी.

दोन वर्षांत तुला हे माझं पहिलं पत्र. आईच्या पत्राखाली मी सही करत होतो ती मी धरत नाही, तूही धरत नसशील. तुझं नाताळचं पत्र आईनं मोठ्यानं वाचलं, नंतर मी एकट्यानं वाचलं. एप्रिलमध्ये तुमचं नौदलाचं जहाज समुद्रापार निघणार, त्या दिवशी हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर सगळ्यांच्या घरचे निरोप द्यायला येतात, आणि मी येईन का, असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर या पत्रात नाही. आधीच सांगतो, म्हणजे तू शोधत बसणार नाहीस.

या पत्रात मला तुझ्या खेळाविषयी लिहायचं आहे. शाळेत असताना हिवाळाभर तू तो अवकाशातला खेळ खेळायचीस. मी जिन्यावरून ओरडून विचारायचो, आज किती ग्रह घेतलेस? तू म्हणायचीस, "घेतले नाहीत बाबा, वसवले." तेव्हा मी खाली येऊन कधी बघितलं नाही. आता बघितलं. तुझा शेवटचा डाव जिथं थांबवलास तिथंच उभा आहे. वसाहतींना तू आपल्याकडच्या गावांची नावं दिली आहेस, हे मला माहीतच नव्हतं. सूर्याजवळची मोठी गावं मोठ्या ग्रहांवर. आणि सगळ्यांत लांब, बर्फाच्या एका गोळ्यावर, ब्लूमफेल्ड. मला हसू आलं. बर्फ तेवढाच, माणसं तेवढीच थोडी. वारा नसेल, एवढाच काय तो फरक.

ज्या परक्यांना तू टोळ म्हणतेस ते दर काही वर्षांनी येतात आणि लांबून क्षेपणास्त्रांची झुंड सोडतात, इतकं मला कळलं. ब्लूमफेल्डच्या राखणीला तू फक्त ती झुंड वाटेत गाठून पाडणारी छोटी क्षेपणास्त्रं ठेवली आहेस. त्यांचं नाव डास. टोळांच्या गोळ्यावर जाऊन पडणारं तू एकही ठेवलेलं नाहीस. ते मी यादीत दोनदा तपासलं.

तुझे डास आता जुने झाले आहेत, टोळ वेगवान झालेत. नवीन डास कसा बनवायचा ते मला जमत नाही. कळवशील का?

रस्ते आज उघडले. दूध वाया गेलं नाही.

तुझे बाबा


२७ जानेवारी, ब्लूमफेल्ड

प्रिय मार्लिस,

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. तिनं जेवताना वाचून दाखवलं. मध्येच थांबून म्हणाली, "आयझॅक, हे सगळं बाण आणि इंजिनांचंच आहे. माझ्यासाठी यात काहीच नाही." मी म्हणालो, पुढे वाच. शेवटी तुझा मुका होता, तो तिनं स्वतःकडे ठेवला.

तू समजावलंस ते मी असं धरलं आहे. डास म्हणजे एक लहान ठरावीक मापाचं खोकं. त्या खोक्यात इंजिन, इंधन, स्फोटक आणि वळण्याची चपळाई, या चौघांना जागा वाटून द्यायची. एकाला जास्त दिली की दुसऱ्याची कमी होते. खोकं मोठं करायचं नाही, कारण लहान असतील तर पुष्कळ मावतात आणि सोडणारी नळी लवकर पुन्हा भरते. हे मला लगेच पटलं. टँकरचंही तेच आहे. वजनाची हद्द ठरलेली, त्यात काय न्यायचं ते तुम्ही ठरवा.

स्फोटकाला मी सगळ्यांत थोडी जागा दिली. येणाऱ्याचं फक्त कवच फुटलं, म्हणजे झालं, असं तू लिहिलंस. ते वाचून मला बरं वाटलं. मग इंजिन बसवलं. उरलेल्या जागेत, म्हणजे जवळजवळ अर्ध्या खोक्यात, इंधन भरलं. चपळाईला काही उरलं नाही, पण म्हटलं, पोचेल तरी. डास-तीन असं नाव दिलं आणि कारखाना चालू केला. बनवायला वेळ फार लागला, पण चांगली गोष्ट सावकाशच होते.

शनिवारी दुपारी टोळ आले. मी तुला खोटं सांगणार नाही. माझे डास सगळे सुटले, रांगेनं, सुंदर, आणि झुंड त्यांच्या अंगावरून निघून गेली. दोन लागले असतील. ब्लूमफेल्डच्या चंद्रावरचं कोठार गेलं. तिथं माणसं नव्हती, नुसता साठा होता, तरी मी उठून उभा राहिलो होतो. आई जिन्यात आली. म्हणाली, "पन्नाशी आली आणि तळघरात लढाया चालल्यात." मी म्हणालो, लढाई नाही, राखण. "बरं, राखणदार, वर येताना बूट काढून ये."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चमध्ये पहिल्या बाकावरून मी गाणी सांगितली. नेहमीसारखा पहिला सूर मी लावला आणि मंडळीनं उचलला. तू लहान असताना माझ्या मांडीवर बसून त्या बाकावरून सगळ्यांकडे बघायचीस, ते आठवलं. त्या बाकाचे नेम तुला पाठ आहेत. हत्यार न उचलणाऱ्या आपल्या मंडळीत तिथं बसणाऱ्यानं सैन्याच्या समारंभाला उभं राहायचं नसतं. म्हणून उत्तराला वेळ लागतो आहे. मला तुला भेटायचं नाही, असं त्यात काही नाही.

माझं चुकलं कुठं ते सांग. डासाचं म्हणतोय.

तुझे बाबा


१५ फेब्रुवारी, ब्लूमफेल्ड

प्रिय मार्लिस,

आईनं तुझं उत्तर वाचलं आणि तिला इतकं हसू आलं की तिनं काटा खाली ठेवला. तू लिहिलं होतंस, "बाबा, अर्धं खोकं इंधन? डास परत येणार नाहीये."

मीही हसलो. मग टँकरची तार नीट लागली आहे का ते बघायला बाहेर गेलो. लागलेली होती.

तुला गाडी शिकवताना पहिली गोष्ट मी हीच सांगितली होती की हिवाळ्यात टाकीचा काटा अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही. मागच्या सीटवर घोंगडी, मेणबत्ती, काडेपेटी. मला माझ्या बापानं सांगितलं, त्याला त्याच्या बापानं, तेव्हा तर घोड्यांच्या दाण्याचा हिशेब होता. इथं वाटेत इंधन संपलं तर माणूस बर्फ वितळल्यावर वसंतात सापडतो. त्यामुळे रिकामं खोकं समोर आलं आणि माझा हात आपोआप इंधनाकडे गेला. जाणाऱ्याला परत यायला पुरलं पाहिजे, यापुढे डोकं चाललंच नाही. आपल्या गावातल्या कुणालाही बसवलं असतं तरी त्यानं हेच केलं असतं.

तू सांगितलेला नियम मी कागदावर लिहून संगणकाला चिकटवला. रडारला जिथपर्यंत दिसतं तिथपर्यंत पुरेल इतकंच इंधन. जे दिसत नाही त्यावर डास सोडताच येत नाही, म्हणून दिसतं त्याच्या पुढचं इंधन फुकट. नियम खरा आहे. तो पाळायला मला तीन दिवस लागले. मी इंधन थोडं कमी करायचो, मग काहीतरी वाटून परत वाढवायचो. चौथ्या दिवशी डोळे मिटल्यासारखं करून एकदम काढलं. खोक्यात केवढी जागा झाली. इंजिन दुपटीच्या पुढं गेलं. तरीही चाचणीत नेम लागत नव्हता, तेव्हा मला टँकर आठवला. आमच्या टँकरला आत आडव्या भिंती नसतात, दूध धुता आलं पाहिजे म्हणून, आणि अर्धा भरलेला असला की वळणावर दूध तुम्हाला सरळच ढकलत राहतं. वेग असून उपयोग नाही, वळता आलं पाहिजे. मी इंजिनाची थोडी जागा काढून चपळाईला दिली. मग आणखी थोडी. एका जागी असं आलं की पुढे दिलं तरी बिघडतं आणि मागे घेतलं तरी बिघडतं. तिथं थांबलो. हा डास-चार.

टोळ पुन्हा आले. मी हात जोडून बसलो होतो. हे देवाला सांगण्यासारखं नाही, खेळ आहे, पण हात जोडले गेले. झुंड रडारवर दिसली, डास सुटले, आणि पडद्यावरचे झुंडीचे दिवे एकेक विझत गेले. शेवटचा विझला तेव्हा ब्लूमफेल्ड जसंच्या तसं होतं. बर्फ, माणसं, सगळं.

तू लिहितेस की नुसतं अडवून जिंकता येत नाही. पण मार्लिस, जिंकायचं कुणाला आहे?

आणखी एक. डास संपल्यावर साठा आणायला मी जहाजांची यादी उघडली. ब्लूमफेल्डभोवती एक इंधनवाहू जहाज फिरत आहे, म्हातारं, सावकाश, शस्त्र एकही नाही. त्याचं नाव आयझॅक. तारीख बघितली. तू घरातून निघालीस त्याच्या आदल्या संध्याकाळी ते तू तिथं आणून ठेवलं आहेस. त्या संध्याकाळी मी वर होतो. आपण दोघं बोलत नव्हतो.

मी त्याला तिथून हलवलं नाही.

आज घरभर भट्टीचा वास आहे. आई जोडपाव वाळवते आहे, ते लांबच्या प्रवासाचे, खडखडीत होईपर्यंत. परातीवर परात चढते आहे. मी विचारलं, कुणासाठी? "लेकीसाठी. जहाजावर काय खायला मिळतं देव जाणे." मी म्हणालो, एवढे? "प्रवासाला लागतात." कुणाच्या प्रवासाला? तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "खाणाऱ्याच्या," म्हणाली.

तुझे बाबा


६ मार्च, ब्लूमफेल्ड

प्रिय मार्लिस,

या वेळी तू कागदावर लिहिलंस आणि पाकिटावर फक्त माझं नाव घातलंस. आईनं ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि पाणी आणायला म्हणून उठली, नळ तिथंच असताना.

तू खेळाचं काहीच लिहिलं नाहीस. तुझं काम काय आहे ते लिहिलंस. पडद्यासमोर बसायचं, येणारं ओळखायचं, आणि ते जहाजाला लागायच्या आत अडवायचं. जिथं तुम्ही निघाला आहात तिथं येणारं खरं असतं. आणि पुढं तू लिहिलंस, "बाबा, आमच्या जहाजावर दुसरी हत्यारंही आहेत, नुसती अडवणारी नाहीत. मी तुमच्यापासून ते लपवणार नाही. तुम्ही यायचं ठरवलंत तर सगळं माहीत असून यावं."

हे वाक्य मी टँकरमध्ये बरोबर घेऊन फिरलो, तीन दिवस. ते न लिहिता तुला माझ्याकडून हो काढून घेता आलं असतं. डासांच्या नादात मी तसाही अर्ध्या वाटेवर आलो होतो. तू मला तशी फसवून नेणार नाहीस, हे बघून मला तुझा अभिमान वाटला. तो शब्द मी जपून वापरतो, तुला माहीत आहे.

शुक्रवारी मी आपल्या चर्चच्या पाळकाकडे, डीडरिककडे गेलो. सांगून गेलो नव्हतो. तो शेडमध्ये मधमाश्यांच्या पेट्यांना रंग देत होता. त्यानं मलाही एक ब्रश दिला. बराच वेळ आम्ही रंगच देत होतो. मग मी त्याला सगळं सांगितलं, धक्का, तारीख, तुझं काम. डासांचंही सांगितलं. तो हसला नाही. त्यानं नीट विचारलं की इंधन इतकं कमी का ठेवायचं, आणि समजल्यावर मान हलवली.

मग म्हणाला, "अडवणारं आणि मारणारं एकाच जहाजावर असतं, आयझॅक."

"तिनंच सांगितलं मला ते," मी म्हणालो.

"तिनं?" त्याचा ब्रश थांबला. "बरी वाढवलीस की पोर."

जरा वेळानं म्हणाला, "तू गेलास तर मी तुला अडवणार नाही. पण गाणी दुसऱ्याला द्यावी लागतील. नेम मी केलेला नाही, पण मोडायचाही मला नाही." मी म्हणालो, मोडायचा मलाही नाही. हे खरं आहे, मार्लिस. आपल्या लोकांनी हत्यार उचलायचं नाही म्हणून देश सोडले, शेतं सोडली. तुझ्या पणजीची आई वाळवलेल्या पावांचं पोतं घेऊन समुद्र ओलांडून आली ती त्याचसाठी. ते मी चूक म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही. तू निवडलंस तेही मला बरोबर म्हणता येत नाही. तुला हे माहीत असून तू विचारलंस.

निघताना डीडरिकनं विचारलं, "तिकडे एप्रिलमध्ये समुद्र कसा असतो?" मी म्हणालो, मला माहीत नाही. तो म्हणाला, "विचार तिला. मला प्रार्थनेत नेमकं सांगायला आवडतं."

तर विचारतोय. एप्रिलमध्ये समुद्र कसा असतो?

तुझे बाबा


२४ मार्च, ब्लूमफेल्ड

प्रिय मार्लिस,

आज उपासनेत काय झालं ते आई तुला फोनवर सांगणारच आहे, आणि ती जरा चढवून सांगेल. म्हणून माझ्याकडून आधी.

कुणासाठी प्रार्थना करायची त्या निवेदनांची वेळ आली. कुणाचा गुडघा, कुणाची गाभण गाय, कुणाचा मुलगा परीक्षेला, नेहमीचं सगळं. मी उभा राहिलो. या दोन वर्षांत त्या वेळी मी उभा राहिलो नव्हतो. तुझं नाव मी रोज घेत होतो, पण टँकरमध्ये, काच वर करून. आज म्हणालो, माझी मुलगी मार्लिस सात एप्रिलला समुद्रावर जाते आहे. समुद्र तेव्हा गार आणि खवळलेला असतो, असं ती लिहिते. तिच्यासाठी प्रार्थना करा. तिच्या जहाजावर जो कुणी काही सोडेल त्याच्यासाठीही करा, त्यालाही घर असेल. मी आणि तिची आई जस्टिना तिला निरोप द्यायला जाणार आहोत. म्हणून आजपासून गाणी दुसऱ्या कुणी सांगावीत.

मग मी गाण्यांचं पुस्तक पहिल्या बाकावर ठेवलं आणि मागे येऊन आईशेजारी बसलो. इतकी वर्षं लग्नाला झाली, पण चर्चमध्ये मी तिच्या शेजारी कधी बसलो नव्हतो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पुटपुटली, "सरक. माझ्या झग्यावर बसलास."

कुणीच पुस्तक उचलेना. शेवटी डीडरिकनंच सूर लावला. इतका वर लावला की तिसऱ्या ओळीला सगळे पुरुष गप्प झाले आणि बायकांनी कसंबसं गाणं पलीकडे नेलं. मी खाली मान घालून बसलो होतो. लोकांना वाटलं असेल मला वाईट वाटतंय. वाटत होतंच, पण मला हसूही आवरत नव्हतं, आणि आईचा खांदा माझ्या खांद्याला लागून हलत होता.

बाहेर आल्यावर काही जण नुसतेच टोपीला हात लावून गेले. काही जणांनी तेही केलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. दोन आठवड्यांपूर्वी मीही काय केलं असतं ते मला माहीत आहे. म्हाताऱ्या सारा हीबर्टनं माझी बाही धरली आणि विचारलं, "गाडीनं जाणार की विमानानं?" मी म्हणालो, गाडीनं. "टाकी भरून निघ," म्हणाली, "त्या ओंटारियोच्या जंगलात मैलोनमैल पंप नाही." ती कधी ओंटारियोला गेलेली नाही.

उत्तर या पत्रात आहे. येतोय.

तुझे बाबा


७ एप्रिल, हॅलिफॅक्स

प्रिय मार्लिस,

हे पत्र तुला पहिल्या बंदरावर मिळेल, असं इथल्या टपाल खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं. आई गाडीत बसली आहे, पावांच्या रिकाम्या पिशवीवर पाय ठेवून. तुझी पिशवी भरलेली दिली. आमची क्वेबेकमध्येच संपली.

सकाळी आपण काय बोललो ते लिहायची गरज नाही. फार बोललोही नाही. तुला त्या कपड्यांत बघून माझे हात कुठं ठेवावेत ते मला कळेना, आणि तू ते ओळखून स्वतःच पुढं आलीस. माझ्या कानाशी विचारलंस, "काटा कुठं आहे, बाबा?" मी म्हणालो, अर्ध्याच्या वर. तू म्हणालीस, "मला वाटलंच." मी घरी पोचल्यावरही ते मला ऐकू येत राहणार आहे.

राष्ट्रगीत लागलं तेव्हा मी टोपी काढली. तोंड उघडलं नाही. वरून तुला दिसलं असेल तर तू समजून घेशील. तेवढं माझं माझ्याकडे राहू दे. शेजारच्या एका बाईनं माझ्या हातात छोटा झेंडा देऊ केला, तर आईनं तो घेतला आणि तिच्याच पोराला परत दिला. म्हणाली, "आमच्या ह्याचे हात रिकामे हवेत. हलवायचेत."

तू लिहिलं होतंस की जहाजावरून धक्क्यावरचं कुणी ओळखू येत नाही, सगळे ठिपके दिसतात. म्हणून टँकरवरचा नारिंगी चमकदार कोट मी बरोबर आणला होता, वादळात दिसावं म्हणून घालतात तो. आईला लाज वाटत होती. "सगळे नीट कपडे घालून आलेत आणि तू रस्ता खणायला आल्यासारखा." पण दोरखंड सुटल्यावर तीच म्हणाली, "घाल तो. बटणं सगळी लाव."

मी धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो, साखळी लावली आहे तिथपर्यंत. जहाज वळलं. वळताना किती सावकाश वळतं ते. कठड्याशी रांगेत तुम्ही सगळे उभे होता, एकसारखे, आणि त्यातली तू कोणती ते मला कळत नव्हतं. मग एक हात रांगेतून थोडासा वर झाला, लगेच खाली गेला. हलवायची परवानगी नसेल. पुरेसं होतं.

बेटाच्या आड जाईपर्यंत सगळेच हात हलवत होते. मग बँड थांबला. पोरांना थंडी वाजायला लागली. लोक गाड्यांकडे निघाले. त्या झेंडावाल्या बाईनं आईला मिठी मारली, दोघी एकमेकींना ओळखत नसताना.

आई माझ्याजवळ आली. म्हणाली, "आता काही दिसत नाही, आयझॅक."

मी म्हणालो, मला माहीत आहे.

"मग?"

"थोडं थांब."

ती थांबली. मी साखळीशी उभा होतो, नारिंगी कोटात, आणि समोर नुसतं पाणी होतं. तुझा नियम खरा आहे, मी तो डासांसाठी पाळेन. पण इथं माझ्याकडे इंधन उरलं होतं. ते संपेपर्यंत मी हात हलवत राहिलो.

तुझे बाबा